बिरदेव चिताऱ्याची तिथी

आमच्या पूनमचं, माझ्या नातीचं, लग्न शिक्रापूरच्या मंगल कार्यालयात झालं ते २०२२ साली, करोनाची बंधनं पुरती उठल्यावरच्या उन्हाळ्यात. मुहूर्त दुपारचा होता. पण आमच्याकडे लग्न मुहूर्तावर लागत नाही, सत्कार संपल्यावर लागतं. नवरा-नवरी स्टेजवर घामानं भिजत उभी होती आणि माईक बापूसाहेबांच्या हातात होता. बापूसाहेब हे आमच्या न्हावरे भागाचे पुढारी. दूध संघात असतात, पतसंस्थेत असतात आणि कुणाच्याही लग्नात असतात. त्यांनी सरपंचांचा सत्कार केला, माजी सरपंचांचा केला, पुढे सरपंच व्हायची इच्छा असलेल्या दोघांचाही केला. मग सोबत आणलेल्या एका पांढऱ्या दाढीच्या गृहस्थाला दंडाला धरून पुढे ओढलं. हे पोपटराव. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, दौंडला बंगला बांधून राहतात आणि रहस्यकादंबऱ्या लिहितात. नव्वद वर्षांमागच्या मंदीत आमच्या वाडीतल्या बिरोबाच्या देवळाची भिंत रंगवून नाहीसा झालेला चित्रकार बिरदेव, त्याचं शेवटी काय झालं हे कोडं पोपटराव सोडवणार आहेत, असं बापूसाहेबांनी जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. लोकांना वाटलं आता तरी लग्न लागेल.

पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर माझी आत्या बसली होती, बानूबाई. नव्वदी कधीच ओलांडलेली. कानानं अधू, पण कार्यालयातल्या स्पीकरपुढं बहिरा माणूसही टिकत नाही. तिनं माझं मनगट धरलं.

"तात्याबा, माझ्या बाचं नाव घेतलं का रं त्यानं?"

घेतलं, मी म्हणालो.

"मग त्याला तिथी ठावं असंल."

मंगलाष्टका सुरू झाल्या तरी आत्या अक्षता मुठीत धरून त्या दाढीकडेच बघत राहिली.

तिथीची गोष्ट अशी. बिरदेव हा माझ्या आजोबांचा थोरला भाऊ, आणि बानूबाई त्याची एकुलती एक मुलगी. मेंढरं पाळायची, पावसाळा संपला की कळप घेऊन कोकणाच्या अंगाला उतरायचं, उन्हाळ्याच्या शेवटी परत यायचं, हे आमच्या घराचं जगणं. १९३०च्या सुमाराला जगभर मंदी आली. जगात काय झालं ते आमच्या लोकांना कुणी सांगितलं नाही. त्यांना एवढंच कळलं की लोकर कुणी उचलत नाही, घोंगडी कुणी घेत नाही, आणि सरकारला चराईची पट्टी मात्र पूर्वीइतकीच हवी आहे. बिरदेवचा सगळा कळप मुंबईच्या खाटकाकडं गेला. कळप गेला तसा त्यानं काव, चुना, काजळी आणि बाभळीचा डिंक गोळा केला आणि बिरोबाच्या देवळाची आतली भिंत रंगवायला घेतली. मधोमध घोड्यावर बिरोबा, बाकी भिंतभर मेंढरं. ती एकसारखी नाहीत. ज्यानं मेंढरं राखली त्याला दोन मेंढ्यांचं तोंड कधी सारखं दिसत नाही. बिरदेवनं आपली गेलेली मेंढरं एकेक आठवून काढली होती. बोरी, चांदी, कानफाटी, डोळ्यात पांढरं फूल पडलेली फुलडोळी. त्याच्या बायकोला सगळ्यांची नावं पाठ होती, तिच्याकडून ती आत्याला मिळाली.

भिंत झाली आणि बिरदेव काम शोधायला दौंडच्या बाजूला गेला. आत्या तेव्हा रांगत होती. तो परत आला नाही. निरोप आला नाही की मढं आलं नाही.

आमच्यात मेलेल्या वाडवडिलांचा टाक करतात. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकलेली बोटभर आकृती. तो मरणाच्या तिथीला देव्हाऱ्यात देवांशेजारी बसवायचा, त्यापुढं पहिलं पान मांडायचं, आणि दरसाल पितृपंधरवड्यात त्या माणसाच्या तिथीला म्हाळ घालायचा, त्याच्या नावानं जेवणाचं पान मांडायचं. टाक नसेल तर पान नाही. आणि जिवंत माणसाचा टाक बसवणं म्हणजे त्याला हातानं मारणं. आत्याची आई शेवटपर्यंत कुंकू लावून हिंडली, आणि नवऱ्याचा टाक करू दिला नाही. ती गेली त्यालाही पुष्कळ वर्षं झाली. आता बिरदेव जिवंत असणं शक्य नाही हे आत्याला कळत होतं. पण मेला कधी? कोणत्या दिवशी त्याला जेवायला हाक मारायची? भटजींनी सांगितलं की तिथी माहीत नसलेल्यांचं सर्वपित्री अमावस्येला चालतं. आत्या म्हणाली, त्या गर्दीत माझ्या बाला कोण सरकून जागा देईल? भटजी पंचांग मिटून उठले. दक्षिणा त्यांनी घेतली.

इतकी वर्षं ती प्रत्येक म्हाळाला सगळ्यांची पानं वाढायची, आणि बापाचं पान नसायचं. मरायच्या आधी एकदा त्याला जेवू घालायचं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

तर पोपटराव वाडीत आले, बापूसाहेबांच्या गाडीतून. गळ्यात कॅमेरा, डोक्याला टोपी, पायात डोंगर चढायचे बूट. देऊळ डांबरी रस्त्याला लागून आहे. भिंतीसमोर हनुवटी धरून ते बराच वेळ उभे राहिले, मग मला जवळ बोलावून म्हणाले, या मेंढीच्या पापण्या पाहिल्यात का? मी म्हणालो, पाहिल्या, मेंढीला पापण्या असतात. ते म्हणाले, या मेंढीच्या पापण्याच नव्हेत, या एका स्त्रीच्या आहेत, यात विरह आहे. मी पुन्हा नीट बघितलं. ती चांदी होती. तिला विरह असलाच तर हरभऱ्याच्या घाट्यांचा असेल.

मग त्यांनी भिंतीवरची मेंढरं मोजली. पुन्हा मोजली तर आकडा वेगळा आला. आमच्याकडे असं झालं तर माणूस चुकला म्हणतात. पोपटराव म्हणाले, चित्रकारानं मुद्दाम गोंधळ घातला आहे, हा सांकेतिक संदेश आहे. ही सगळी त्याची विकलेली मेंढरं आहेत, माझी आत्या नावं सांगेल, असं मी म्हणून बघितलं. त्यांनी मान हलवली. लोककथा म्हणून छान आहे, म्हणाले.

आत्या काठी टेकत देवळात आली होती. तिनं त्यांना हात जोडले.

"साहेब, मला बाकी काय बी नगं. माझा बा कवा मेला तेवढं सांगा."

"आजी, पुस्तकात सगळं असेल. दिवस, जागा, कुणी मारलं तेसुद्धा."

"मारलं?"

"माणूस असा उगाच नाहीसा होत नाही, आजी."

"लई व्हत्यात," आत्या म्हणाली. पण पुस्तकात दिवस असेल हे शब्द तिनं धरून ठेवले आणि पुढचं दीड वर्ष ती ते कुणाकुणाला सांगत राहिली.

पुस्तक दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीला आलं. दौंडला मोठा समारंभ झाला, बापूसाहेबांनी आमच्या वाडीतून दोन टेम्पो भरून माणसं नेली. मुखपृष्ठावर मिशीवाला तरणाबांड गडी, हातात कुंचला, मागे कंदील घेतलेली गोरी मड्डम. नाव इतकं लांब की मुखपृष्ठाची अर्धी जागा त्यातच गेली. घरातल्या पोरांना मोबाईलपलीकडचं वाचायचा कंटाळा, म्हणून आत्याला वाचून दाखवायचं माझ्यावर आलं. मी चाळिशीनंतर साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकलेला, ओळीखाली बोट ठेवूनच वाचतो. त्यामुळं त्या कादंबरीतलं काही माझ्या बोटाखालून सुटलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

कादंबरीत बिरदेवचं कलेक्टरच्या मुलीवर प्रेम आहे. तो मेंढ्यांच्या पापण्यांतून तिला निरोप पाठवतो, आणि ती पुण्याहून येऊन देवळात मेंढ्या मोजते. गावात मंदीनं माणसं उपाशी आहेत तेव्हा पाटील, म्हणजे बापूसाहेबांचे आजोबा, आपल्या धान्याच्या कणग्या उघडतात आणि सगळा तालुका जेवू घालतात. त्या मंदीत पाटलांच्या किती कणग्या उघडल्या ते आमच्या घरात जरा वेगळं सांगतात, पण कादंबरी आमच्या घरात लिहिली नव्हती. शेवटी कलेक्टरची माणसं बिरदेवला देवळामागच्या बारवेत ढकलतात. पाटील घोडा फेकत येतात, पण उशीर झालेला असतो. आमच्या देवळामागं बारव नाही. कधीच नव्हती. मागं आमच्या शेजारच्या सोपानरावांचा कांदा असतो.

तो दिवस कादंबरीत पौष अमावस्येचा आहे, साल १९३१.

मी वाचायचा थांबलो. आत्या भिंतीला टेकून बसली होती.

"पौषातली अवस," ती म्हणाली.

मी तिला समजावलं की ही कादंबरी आहे, यातलं सगळं मनानं लिहिलेलं असतं.

"छापलंय न्हवं?"

"छापलंय."

"बापूसाहेबांनी वाचलंय?"

"वाचलं असंल." हे मी खोटं बोललो. बापूसाहेब स्वतःच्या आजोबांचं पानसुद्धा दुसऱ्याकडून ऐकतात.

"मग मनानं कसं लिवतील? माणसाच्या मरणाची तिथी कुणी मनानं लिवतंय व्हय?"

आमच्यात माणूस वय खोटं सांगेल, बांध खोटा सांगेल, दुधाची फॅट खोटी सांगेल, पण मेलेल्याची तिथी खोटी सांगणारा मी उभ्या जन्मात बघितला नव्हता. आत्याच्या डोक्यात ते बसणार कसं?

मी पोपटरावांना फोन लावला, स्पीकरवर घेतला आणि म्हणालो, साहेब, आत्याला तुमच्या तोंडानं सांगा की ती तिथी तुमच्या कल्पनेतली आहे. त्यांनी घसा साफ केला. मग पोपटराव देवळातल्या पुजाऱ्यासारख्या आवाजात म्हणाले, "आजी, लेखकाला काही गोष्टी आतून दिसतात." आत्यानं फोनलाच हात जोडले. मी स्पीकर बंद केला, अंगणात गेलो आणि त्यांना विचारलं की अमावस्याच का. ते म्हणाले, अमावस्येला वातावरणनिर्मिती होते.

शिरूरच्या सोनाराकडून टाक आणला. पौष अमावस्येला तो आमच्या देव्हाऱ्यात बसवायचा ठरला, आणि ही बातमी बापूसाहेबांना लागली. मग घरातलं कार्य घरात राहिलं नाही. न्हावरे फाट्यापासून वाडीपर्यंत फ्लेक्स लागले: चित्रमहर्षी बिरदेव यांची पुण्यतिथी. बिरदेवचा फोटो कुणाकडंच नव्हता म्हणून मुखपृष्ठावरचा मिशीवाला गडी लावला. त्याच्या दुप्पट आकाराचे बापूसाहेब, आणि खाली शुभेच्छुक म्हणून तेरा चेहरे, त्यातले दोघे नाव ऐकल्यावर कोण बिरदेव म्हणून विचारत होते. देवळासमोर मांडव पडला. बापूसाहेबांनी तासभर भाषण केलं, त्यात बिरदेव तीन वाक्यं होता. त्यांनी रस्त्याकडेला पुतळा आणि संगमरवरी कोनशिला जाहीर केली, तिच्यावर जन्म आणि मृत्यूच्या तारखा कोरणार म्हणाले. जन्माची तारीख कुठून आणणार, असं मी शेजारच्याला विचारलं. तो म्हणाला, पोपटराव देतील की.

घरात आत्यानं टाकापुढं पान मांडलं. आयुष्यात पहिल्यांदा. मी तांब्या भरून दिला. ती भात वाढत होती, आणि मला पोपटरावांचे डोंगर चढायचे बूट आठवत होते.

त्या कार्यक्रमाचे व्हिडिओ मोबाईलवर हिंडले. माणसाला स्वतःचं तोंड दाखवायची हौस असते, त्यात चुकून भिंतही दिसली. चैत्रात एक दिवस दौंडहून केडगाव-चौफुल्यामार्गे येणाऱ्या एसटीतून एक बाई आमच्या फाट्यावर उतरली आणि देऊळ विचारत आली. नाव साखरबाई. पासष्टीची, नऊवारी नेसलेली, मोबाईल कमरेच्या पिशवीत. दौंडच्या खाली भीमेच्या काठावर मेंढपाळांची एक वस्ती आहे, तिथली. ती भिंतीपुढं उभी राहिली आणि हसली.

"ही तर आमची बकरी."

आमच्याकडं मेंढरांना बकरीच म्हणतात. मी म्हणालो, बाई, ही आमच्या बिरदेवाची मेंढरं आहेत. तिनं मोबाईल काढला. त्यांच्या वस्तीवरच्या बिरोबाच्या देवळाचा फोटो होता. भिंत धुरानं काळी पडलेली, खालच्या अर्ध्या भागाला कुणीतरी पोपटी ऑईलपेंट फासलेला, पण वर मेंढरं दिसत होती. मी आत्याला बोलावून आणलं. फोटो मोठा करून तिच्या डोळ्यांपुढं धरला. तिला आधी काही दिसेना. मग तिनं माझ्या हातून मोबाईलच घेतला.

"ही कानफाटी. डावा कान बघ की. ही बोरी. ही फुलडोळी." तिचं बोट काचेवर सरकत होतं आणि फोटो हलत होता. "चांदी कुठं हाय?"

"ही काय, दाराच्या वर," साखरबाई म्हणाली.

दोन गावांत एकच कळप. तो काढणारा हातही एकच, हे सांगायला कुणा जाणकाराची गरज उरली नाही.

साखरबाईनं जे सांगितलं ते तिला तिच्या आजेसासूकडून मिळालेलं. मंदीत वस्तीवर एक चितारी आला. नाव बिरू सांगायचा, घोडनदीच्या, म्हणजे आमच्या शिरूरच्या, बाजूचा म्हणायचा. रेल्वेत काम मिळालं नाही म्हणून देवळं रंगवत हिंडत होता. मजुरी म्हणून तो धान्य घ्यायचा नाही, पैसे तर तेव्हा कुणाकडंच नव्हते. एका देवळाला एक कोकरू मागायचा. कळप जमला की घरी जाणार, बायकोला रिकाम्या हातानं तोंड दाखवणार नाही, म्हणायचा. त्याची कोकरं वस्तीच्या कळपातच चरायची. मग आषाढात पटकीची साथ आली. आधी वस्तीतली दोन माणसं गेली, मग तो. नदीच्या वरच्या अंगाला त्याला मूठमाती दिली. घोडनदीकडं जाणाऱ्या एका मेंढपाळाजवळ निरोप दिला होता, तो पोचला का नाही ते कुणाला ठाऊक. त्यानंतर दोन आठवड्यांत आजेसासूला मुलगा झाला, त्याचं नाव बिरू ठेवलं. हा साखरबाईचा सासरा, पुढं दौंडला रेल्वेत लागला, त्याच्या पेन्शनच्या कागदावर जन्माचं वर्ष १९३३ आहे.

"आषाढातली वद्य सातम," साखरबाई म्हणाली. "म्हाळात सातमीला आम्ही दरसाल पान घालतो चिताऱ्याचं. त्याची कोकरं आमच्यात वाढली, मग त्याला उपाशी कसा ठेवायचा?"

आत्यानं मोबाईल साखरबाईला परत दिला. मी मनात म्हणालो, आता रडेल. तिनं विचारलं, "काय वाढता?"

"खीर, वडं, कढी, गवारीची भाजी. आन् लसणाची चटणी. त्याला लागायची म्हणं."

"व्हय," आत्या म्हणाली. "आई बी म्हणायची."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बापूसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. मी नको म्हणत होतो, पण आत्याला कोनशिलेवरची तिथी बदलायची होती, आणि तिला वाटत होतं की चूक कळली की माणसं ती दुरुस्त करतात. पोपटराव तिथंच होते, दुसऱ्या आवृत्तीच्या कामाला आलेले. साखरबाईनं सगळं पुन्हा सांगितलं. पोपटराव ऐकताना चष्मा पुसत होते.

"पटकी?" ते म्हणाले. "पण त्यात नाट्य काय आहे?"

"उलट्या आन् जुलाब," साखरबाई म्हणाली. "बघायचं व्हतं का तुमास्नी?"

बापूसाहेबांची अडचण वेगळी होती. कोनशिला कोरून झाली होती आणि अनावरणाला मंत्र्यांची वेळ मिळाली होती. शिवाय कोकरं मागत फिरणारा, हगवणीनं मेलेला माणूस, त्याचं स्मारक म्हणजे वर्गणी देणाऱ्यांना काय सांगायचं? ते आवाज मऊ करून म्हणाले, "आजी, आपण असं करू. दोन्ही तिथ्या करू. थोरामोठ्यांच्या जयंत्यासुद्धा दोनदोनदा होतात."

"मग तुमच्या आज्याला बी दोनदा मारू का?" आत्या म्हणाली.

बापूसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. पोपटराव मधे पडले, कादंबरीत तारीख ही एक सोय असते असं काहीतरी सांगू लागले. आत्यानं त्यांच्याकडं वळून बघितलं.

"साहेब, म्या तुमास्नी एकच इचारलं व्हतं. ठावं न्हवतं तर न्हाई म्हणायचं. मला राग आला नसता."

पोपटरावांनी मग तळटीप देतो म्हणून सांगितलं. दुसरी आवृत्ती आली, तिच्यात तळटीप नाही. एक नवा धडा मात्र आहे, त्यात कलेक्टरची मुलगी कोकरू घेऊन विलायतेला जाते.

पुतळाही झाला, न्हावरे फाट्यावर. शिक्रापूरकडच्या ज्या कारखान्यात तो ओतला तिथं मेंढीचा साचा नव्हता, त्यामुळं चित्रमहर्षींच्या पायाशी जे जनावर बसलं आहे त्याला नवीन माणूस कुत्रं समजतो. खाली संगमरवरावर पौष अमावस्या. शेजारून उसाच्या ट्रॉल्या जातात आणि त्याच्यावर धूळ बसते. ती पुसायला मी कधी गेलो नाही.

बापूसाहेबांच्या बंगल्यावरून आलो त्याच आठवड्यात आत्यानं देव्हाऱ्यातला टाक उचलला आणि फडक्यात बांधून ठेवला. आषाढात सातमीला तो पुन्हा बसवायचा, बापाला आता घरी आणायचं, असं तिनं ठरवलं आणि मला साखरबाईला फोन लावायला सांगितला. तिनं फोनवर सांगितलं की आता तुम्ही त्याचं पान बंद करा, आम्ही घालतो. साखरबाई साफ नाही म्हणाली. एका पितराला दोन घरी हाक मारायची नसते, तो कुठं जाणार? चार पिढ्या त्यानं आमच्याकडं जेवण घेतलं, बसलेल्या माणसाला ताटावरून उठवू नका. आत्यानं रागानं फोन माझ्या अंगावर टाकला. बाप माझा, आणि सांगतेय मला, असं ती चारचौघांत बोलू लागली. आषाढातली सातम आली आणि गेली, टाक फडक्यातच राहिला.

भाद्रपदात साखरबाईचा फोन आला. म्हाळाला जेवायला या, एवढंच म्हणाली. आत्या नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. म्हाळाच्या दिवशी ती सकाळीच डोक्यावर पदर घेऊन ओट्यावर बसून होती. पोपटरावांना कुठून कळलं कोण जाणे, त्यांचाही फोन आला. त्यांना तिथं व्हिडिओ करायचा होता. आत्या म्हणाली, या, पण जेवायला बसा आन् गप जेवा. ते आले नाहीत.

वस्तीवरच्या देवळात आत्या भिंतीला हात लावून फिरली. वर सगळी ओळखीची मेंढरं होती, तिनं प्रत्येकीला नावानं हाक मारली. दाराच्या एका बाजूला खाली त्याला मजुरीत मिळालेली कोकरं काढलेली होती, पोपटी रंगातून थोडीशी वाचलेली. त्यांची नावं तिला येईनात. ती साखरबाईला येत होती. साखरबाई एकेक नाव सांगत गेली आणि आत्या ते मागून म्हणत गेली, शाळेत म्हणतात तसं.

मग पान वाढलं. खीर, वडे, कढी, गवार, कडेला लसणाची चटणी. घरातले सगळे बाजूला सरकले आणि साखरबाईनं पाण्याचा तांब्या आत्याच्या हातात दिला. हाक मारायचा मान मुलीचा, असं म्हणाली. आत्यानं पानाभोवती पाणी फिरवलं आणि बापाला जेवायला ये म्हणून सांगितलं, त्याच्या तिथीला, त्याच्या नावानं. जेवणं झाल्यावर तिनं कनवटीचं फडकं सोडलं, टाक काढला आणि साखरबाईच्या तळहातावर ठेवला.

"ह्यो तुमच्यात बसवा. तिकडं आणला तर बापूसाहेब त्याला शाल घालतील."

परत येताना एसटीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली. न्हावरे फाट्यावर पुतळ्यासमोर गाडी थांबली तेव्हा मी तिला उठवलं, पण तिनं तिकडं बघितलं नाही.

बिरदेव, मेंढपाळ आणि चितारी, दौंडच्या खाली भीमेच्या काठावर आषाढ वद्य सप्तमीला, १९३३ सालच्या जुलैत, पटकीनं मेला. त्याला कुणी मारलं नाही. त्याची मुलगी बानूबाई आमच्या वाडीत, फाल्गुन वद्य तृतीयेला, सोमवारी, १७ मार्च २०२५ रोजी वारली.